शेंगदाण्याचा भाव सांगा

वह्या मिटा. चलनवाढीचं प्रकरण आज पुढे जाणार नाही. ग्राहक किंमत निर्देशांक कोण काढतं, त्यात अन्नधान्याला किती भार असतो, हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगाल. मी त्याहून सोपा प्रश्न विचारला होता: शेंगदाणे किलोला काय भावाने मिळतात? भरल्या वर्गातून एकही हात वर आला नाही. मटकीचा भाव? ज्वारीचा? पेरूचा? सगळे खाली मान घालून बसलात. स्पर्धा परीक्षा देऊन उद्या तालुक्याचा कारभार हाती घ्यायला निघालेली तुम्ही माणसं, आणि तुमच्या स्वतःच्या पोटात काय जातं आणि त्याला किती पैसे पडतात, हे तुम्हाला ठाऊक नाही. याची लाज वाटली पाहिजे.

परवा तुमच्यातलीच एक मुलगी अभ्यासिकेत चक्कर येऊन पडली. रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. तिला मी काही बोललो नाही; आजारी माणसाला बोलायचं नसतं. बोलतोय ते तुम्हाला, कारण तिचा दिनक्रम हाच तुमच्यातल्या निम्म्यांचा दिनक्रम आहे. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी मेसची दीड पोळी आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी वडापाव, रात्री जागायचं म्हणून पुन्हा चहा आणि नूडल्सचं पाकीट. तिच्या घरच्या शेतात हरभरा पिकतो. त्या हरभऱ्याचा एक दाणाही तिच्या पोटात महिनोन् महिने गेला नव्हता.

हा एकट्या तिचा प्रश्न नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी, २०१९ ते २१. तुमच्या नोट्समध्ये आहे ती. पिवळ्या शाईने रंगवलीसुद्धा आहे. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं त्यात लिहिलंय. तुम्ही तो आकडा परीक्षेसाठी पाठ केलात. तो आकडा तुमच्या शेजारच्या बाकावर बसतो, तुमच्या खोलीत झोपतो, हे एकाच्याही लक्षात आलं नाही. असल्या अभ्यासाला मी अभ्यास म्हणत नाही.

आता तुम्ही म्हणाल, सर, परवडत नाही. हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकतोय आणि आज त्याचा हिशेब मांडणार आहे. पेन उघडा. तुमचा दिवसाचा वरखर्च लिहा. पुण्याच्या पेठेत कटिंग नव्हे, पूर्ण चहा घेता. तोही दिवसातून तीनदा. त्याच्याबरोबर कधी क्रीमरोल, कधी बनमस्का. संध्याकाळी वडापाव किंवा भेळ. आठवड्यातून दोनदा थंड पेयाची बाटली, वेफर्सची पाकिटं. बेरीज करा. रोजचे सत्तर-ऐंशी रुपये सहज होतात. महिन्याला दोन हजारांच्या वर. मेसचे पैसे वेगळेच. म्हणजे पैसा आहे, आणि तो तुम्ही मैदा, साखर आणि तळणाच्या तेलावर घालवताय.

दुसरा हिशेब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. ती मिळवायला काय लागतं ते लिहा. भाव दुकानागणिक आणि आठवड्यागणिक हलतात, म्हणून मी साधारण धरतो. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. दीडशे रुपये किलोने धरले तर १० ग्रॅम प्रथिनं ६ रुपयांत. हरभरा शंभर रुपये किलोने धरला तर तितकीच प्रथिनं ५ रुपयांत. मटकी साडेपाच-सहा रुपयांत. सोयाबीनच्या वड्यांत निम्म्याहून अधिक प्रथिनंच असतात, तिथे हाच आकडा ३ रुपयांवर येतो. अंडी दीड लागतात, ११-१२ रुपये. दूध दीड पेला, १७-१८ रुपये.

आणि मागच्या बाकावरच्या तुम्हा चौघांनी व्यायामशाळेत कुणाच्या तरी सांगण्यावरून जो डबा घेतलाय, अडीच हजार रुपये किलोचा, त्यातून १० ग्रॅम प्रथिनं घ्यायला ३० रुपयांहून जास्त मोजावे लागतात. बाप ऊसतोडीला जातो आणि मुलगा पावडर पितो! पोषण संस्थेने २०२४ साली नवी आहारसूत्रं काढली, एकूण १७. स्नायू कमावण्यासाठी असल्या पुरवण्यांच्या मागे लागू नका, असं त्यात स्वच्छ सांगितलंय. ते वाचलं नाहीत. दुकानदाराने सांगितलेलं मात्र लगेच पटलं.

एका दिवसाचं गणित पुरं करू. चार पोळ्या किंवा दोन-तीन भाकरी, त्यातून पंधरा ग्रॅम. थोडा भात, पाच ग्रॅम. वाटीभर घट्ट वरण, आठ ग्रॅम. पन्नास ग्रॅम शेंगदाणे, बारा ग्रॅम. एक वाटी मोडाची मटकी, आठ-नऊ ग्रॅम. एक पेला दूध, सहा ग्रॅम. पन्नास पार झाले. यातली पोळी, भात आणि वरण मेस देतेच. शेंगदाणे, मटकी आणि दूध यांचे वर पंचवीस-सव्वीस रुपये पडतात. त्यात दोन केळी किंवा एक पेरू घाला, चाळिशीच्या आत राहता. रोजच्या चहा-बनमस्क्याच्या पैशात माणूस धडधाकट राहू शकतो. परवडत नाही, हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर काढायचं नाही.

दुसरी सबब: सर, आम्ही कॉट बेसिसवर राहतो, मालक गॅस पेटवू देत नाहीत. खरं आहे. सदाशिव पेठेतल्या आणि नारायण पेठेतल्या त्या खोल्या मी पाहिल्या आहेत; एका खोलीत पाच-सहा खाटा, खिडकीला वाळत घातलेले कपडे. पण शेंगदाण्याला गॅस लागतो का? फुटाण्याला लागतो का? केळी, पेरू, काकडी, गाजर, मुळा, टोमॅटो, बीट, दही, ताक, गूळ, खजूर, यातल्या कशाला चूल लागते? मटकी सकाळी भिजत घाला, रात्री उपसून ओल्या फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी मोड येतात. मोड आले की कडधान्यात क जीवनसत्त्व वाढतं आणि ती पचायलाही हलकी होतात. स्वच्छ धुवा, वर उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकून ठेवा, कांदा-टोमॅटो चिरून घाला, लिंबू पिळा. नूडल्ससाठी पाणी उकळणारी किटली तुमच्या प्रत्येक खोलीत आहे. त्याच पाण्यात सोयाबीनच्या वड्या भिजतात, त्यातच दलिया फुगतो. फुटाणे आणि गूळ डब्यात भरून अभ्यासिकेत न्यायला कोणाची परवानगी लागते? आणि भाकरीच हवी असेल तर पुण्यात गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं आहेत. तिथल्या बायका सकाळपासून उभ्या राहून भाकऱ्या थापतात. दोन भाकऱ्या आणि पिठलं घेतलं तर तुमच्या त्या चीज घातलेल्या सँडविचपेक्षा कमी पैसे लागतात.

तिसरी सबब मेसची. मेसचं जेवण बेचव असतं, हे मला मान्य आहे. पण तुमचं ताट मी पाहतो ना. वरणाची वाटी तशीच परत जाते आणि पापड दोनदा मागवता. उसळीच्या दिवशी नाकं मुरडता आणि बटाट्याच्या दिवशी रांग लावता. पालेभाजी दिसली की ‘आज बाहेर खाऊ’ म्हणून निघून जाता. मेसवाल्या काकूंना कोणी नम्रपणे सांगितलं का, की काकू, आठवड्यातून तीन दिवस उसळ करा, भातावरचं वरण जरा घट्ट ठेवा? सगळ्यांनी मिळून सांगितलं तर त्या करतील. हरभरा-वाटाणा त्यांनाही महाग पडत नाही. जेवताना आपली काकडी, आपलं लिंबू, आपलं गाजर खिशातून न्या. वरण दोनदा घ्या. त्याचे पैसे तुम्ही भरलेले आहेत.

आणि जेवणावर चहा ढोसणं आजपासून बंद. वरणातलं, पालेभाजीतलं लोह शरीरात शोषलं जाण्याच्या आड चहातलं टॅनिन येतं. जेवणाआधी तासभर आणि जेवणानंतर तासभर चहा-कॉफी नको, असं त्याच १७ सूत्रांच्या पुस्तिकेत म्हटलंय. उलट लिंबातलं, आवळ्यातलं, पेरूतलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. म्हणून आपल्या ताटात डावीकडे लिंबाची फोड वाढतात, ती खायला वाढलेली असते, शोभेला नव्हे. पेरूत शंभर ग्रॅमला दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं, संत्र्याच्या कितीतरी पट. आणि तुम्ही पेरूच्या गाडीवरून पुढे जाऊन पाकिटातला ज्यूस विकत घेता. त्यात असते ती बहुतेक साखर.

जे शाकाहारी आहेत त्यांनी दूध, दही, ताक सोडायचं नाही. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. हातापायाला मुंग्या येतात, वाचलेलं लक्षात राहत नाही, म्हणून तुम्ही स्मरणशक्तीची गोळी शोधता; आधी डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासा. अंडी ज्यांना चालतात त्यांनी रोज एक-दोन उकडलेली खावीत. ऑम्लेट-पाव मागवून तीन पाव हाणायचे आणि अंडं खाल्लं म्हणायचं, हे मला चालणार नाही.

आता भाजी कुठून घ्यायची ते. पेरूगेटापासून महात्मा फुले मंडई पायी पंधरा मिनिटांवर आहे. तुमच्यातले कितीजण तिथे गेलेत? गणपतीची गर्दी पाहायला गेलात, तुळशीबागेत कपडे घ्यायला गेलात. मंडईच्या गाळ्यासमोर उभं राहून भाजी घेतली का? ती अष्टकोनी मनोऱ्याची दगडी इमारत १८८६ च्या सुमाराची, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उभी राहिलेली. ती बांधायचं ठरत होतं तेव्हा पुण्याच्या नगरपालिकेत जोतीराव फुले सभासद होते. एवढा पैसा बाजाराच्या इमारतीवर घालण्यापेक्षा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांनी बजावलं होतं. पुढे त्याच मंडईला त्यांचं नाव दिलं गेलं. ज्या माणसाने तुमच्या शिक्षणासाठी भांडण मांडलं, त्याच्या नावाच्या मंडईच्या बाहेरून आज शिक्षण घेणारी मुलं उपाशी चेहऱ्याने जातात आणि वडापावच्या गाडीपाशी थांबतात. मला याचा संताप येतो.

मंडईत कसं घ्यायचं तेही सांगतो, कारण तुमच्या आईने तुम्हाला ते शिकवलं नाही. तुम्ही अभ्यास करताय म्हणून पिशवी तिने स्वतः उचलली. पहिल्या गाळ्यावर घेऊ नका, एक फेरी मारा, भाव ऐका. संध्याकाळी उशिरा जा. पालेभाजी रात्र काढत नाही, म्हणून विकणाऱ्यालाही ती संपवायची असते. तेव्हा मेथी, शेपू, चाकवत, आंबटचुका, पालक, तांदुळजा यांच्या जुड्या स्वस्त मिळतात. शहरात ठिकठिकाणी शेतकरी आठवडे बाजार भरतात, तिथे शेतकरी स्वतः माल घेऊन बसतो. चार-पाच जणांनी मिळून मार्केट यार्डात गेलात तर भुसार विभागातून कडधान्यं एकदम घेता येतात आणि महिनाभर पुरतात. एकट्याने पाव किलो पाकीटबंद घेऊ नका. पाकिटाचे पैसे उगाच जातात.

आणि ज्या ऋतूत जे पिकतं ते खा. तेव्हा ते स्वस्तही असतं आणि कसदारही. थंडीत गाजर, मटार, आवळा, पेरू, बोरं, ओला हरभरा. उन्हाळ्यात काकडी, कैरी, कोकम, ताक, कलिंगड. पावसाळ्यात भोपळा, दोडका, पडवळ, आणि मावळ-मुळशीकडून येणाऱ्या रानभाज्या. श्रावणात बाराशे मैलांवरून आलेलं सफरचंद घेऊन खोलीत मिरवायचं कारण नाही. केळं बारा महिने मिळतं.

ज्वारीबद्दल एक शब्द. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं. त्यावर तुम्ही निबंध लिहिलेत, माझ्याकडून तपासून घेतलेत. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेही लिहिलंत. आणि नाश्त्याला रंगीत खोक्यातलं परदेशी धान्य आणलंत! तुमच्यातले सोलापूरचे, बीडचे, धाराशिवचे, नगरचे हात वर करा. तुमच्या आज्यांनी बहात्तरचा दुष्काळ पाहिला आहे. सरकारी मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन त्यांनी नाला-बंडिंगच्या कामावर दगड फोडले. घरची शाळूची भाकरी त्यांना सोन्यासारखी वाटायची. तीच भाकरी तुम्हाला पुण्यात गावंढळ वाटू लागली. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गव्हाच्या आठ-नऊपट. बाजरीत गव्हापेक्षा जास्त लोह. पिठाच्या गिरणीत जाऊन हे पीठ मागा. गावाला गेलात की आईकडून फराळाच्या चकल्यांऐवजी नाचणीचं सत्त्व, भाजणी, शेंगदाण्याची चटणी आणि जवसाची चटणी मागून आणा.

हे शहर गरीब विद्यार्थ्याला नवं नाही. याच पेठांतून मुलं माधुकरी मागून, वार लावून जेवली आणि शिकली. खेड्यातून आलेल्या मुलांची जेवणा-राहण्याची आबाळ होते म्हणून १९५५ साली डॉ. अच्युत आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला परवडेल असं सकस जेवण मिळावं म्हणून बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने सत्तरच्या दशकात ‘कष्टाची भाकर’ काढली, ना नफा ना तोटा. हमालाला कळलं होतं की अंगात बळ राहायचं तर भाकरी आणि कालवण नीट पाहिजे. डोक्याने काम करणाऱ्या तुम्हाला ते अजून कळलेलं नाही. दहा तास बसून वाचणं हेही कष्टच आहेत आणि त्यालाही अन्न लागतं.

एक गोष्ट गंभीरपणे ऐका. ज्याच्या घरून खरोखरच पैसे येत नाहीत, जो एक वेळ जेवून दिवस काढतो, त्याला मी यातलं काही म्हटलेलं नाही. त्याची काही चूक नाही. त्याने तास संपल्यावर मला भेटायचं, एकट्याने. त्याचं जेवण सुरू होईल आणि ते कोणाला कळणारही नाही. उपाशी राहून शिकण्यात काही मोठेपणा नाही. आणि शेजारचा उपाशी आहे हे ठाऊक असून गप्प बसणं हा तर नीचपणा आहे. सोबत्याकडे लक्ष ठेवा. जेवायला जाताना त्याला हाक मारा.

बाकीच्यांसाठी काम आहे. प्रत्येक खोलीने आजच्या आज एक वही करायची. महिन्याच्या पैशातून पहिली रक्कम जेवणाची बाजूला काढायची, झेरॉक्स आणि टेस्ट सिरीजच्या आधी. खोलीतल्या एकाने आठवड्यातून दोनदा मंडईत जायचं, पाळीपाळीने. प्रत्येकाच्या डब्यात शेंगदाणे किंवा फुटाणे असलेच पाहिजेत. पोषण संस्था रोज भाज्या आणि फळं मिळून पाचशे ग्रॅम खा म्हणते. तुम्ही निदान दोन वेळा कच्चं काहीतरी आणि एक फळ खाऊन सुरुवात करा. मुलींनी या महिन्यात हिमोग्लोबिन तपासून घ्यायचं. महापालिकेच्या दवाखान्यात जा, लाजायचं कारण नाही. तपासणीत कमी निघालं तर डॉक्टर गोळ्या देतील. त्या अर्ध्यावर सोडायच्या नाहीत. पुढच्या सोमवारी मी कोणत्याही पुस्तकातला प्रश्न विचारणार नाही. भाव विचारीन. ज्याला सांगता येणार नाही त्याने त्या दिवशी तासाला बसायचं नाही.

मी कठोर बोललो. ते मी मागे घेणार नाही. तुमच्यातला प्रत्येक जण परीक्षेत उत्तीर्ण होणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. जागा थोड्या, उमेदवार लाखो. पण इथून परतताना कोणीही रक्त आटलेलं शरीर, जळणारं पोट आणि पिवळे डोळे घेऊन आपल्या आईसमोर उभं राहायचं नाही. पद मिळणं तुमच्या एकट्याच्या हातात नाही. ताटात काय पडतं ते आहे. घरून येणाऱ्या पैशावर पहिला हक्क तुमच्या ताटाचा आहे. उठा, पिशवी घ्या आणि मंडईत जा.